सानूची भुई

दवाखान्यातून परतताना रिक्षात कुणी बोललं नाही. हौसा एवढा वेळ तोंड मिटून बसली, असं मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच ताप आलाय का म्हणून विचारलं असतं. भर लिलावात व्यापाऱ्यांची बोलती बंद करणारी बाई ती. पण त्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन ती नुसती बाहेर बघत राहिली. शेजारी सून रुपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सानवी, म्हणजे घरादाराची सानू, आजीच्या दंडावर मान टाकून रिक्षावाल्याच्या आरशात बघत होती. डोळे असे चौकस, की समोरचा माणूस आपण होऊन हसावा. पण नववा महिना लागला तरी बसवली की एका अंगावर कलंडायची, आणि पालथी घालायचा तर प्रश्नच नव्हता.

दवाखान्यातल्या समीक्षा मॅडम मुलांच्या हातापायांचे व्यायाम घ्यायच्या. वयानं रुपालीएवढ्याच. त्यांनी सानूला टेबलावर पालथी घातली, तसं तिनं नाक गादीत खुपसून असा टाहो फोडला, की बाहेरच्या बाया आत डोकावल्या. मॅडमनी तिला उचलून थोपटलं आणि घरी जमिनीवर किती वेळ खेळते म्हणून विचारलं. रुपालीनं मान खाली घातली. शेवटी हौसा म्हणाली, "ठेवीतच नाय." मॅडमना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. मूल पालथं पडतं, मान उचलतं, हातांवर जोर देतं, त्यातूनच पाठ घट्ट होते, बसता येतं, रांगता येतं. मांडीवर ते होत नाही. आजार काही दिसत नाही, पण शरीराला काम मिळालेलं नाही. रोज थोडं थोडं जमिनीवर ठेवा, छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्या, तुम्ही समोर बसा, एखादी वस्तू हातभर लांब ठेवा. रडली की लगेच उचलू नका. महिन्याभरानं पुन्हा आणा, फरक पडला नाही तर तपासण्या कराव्या लागतील. आणि जाताजाता म्हणाल्या, "वाट बघू नका, आजी. हे दिवस परत येत नाहीत."

हौसाच्या मनात ते वाक्य घरापर्यंत वाजत राहिलं.

सानूला भुई का लागली नव्हती, ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या शिमग्यात रुपालीला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा कूस रिकामी झालेली. या खेपेलाही अंगावर जायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला उताणी निजवून ठेवली होती. त्याच दिवशी जाकमातेची पालखी गल्लीतून गेली. ढोल दारापर्यंत आले आणि न थांबता पुढे गेले. पडल्यापडल्या रुपालीनं देवीला शब्द दिला: पोर जगू दे. तू आमच्या अंगणात येशील त्या दिवशी तुझ्यासमोर पोराला भुईवर ठेवीन, तोवर त्याचं अंग जमिनीला लावणार नाही. ही मुलगी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत वाढलेली. बाप कंपनीत पाळीवर जाणारा, स्वतः बी. कॉम. झालेली. नवस बोलायचा तर हौसानं बोलायचा, लोकांना वाटलं असतं. पण पोट रिकामं व्हायची भीती पदवी विचारून येत नाही.

हौसाला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. तिची पोरं सुकत घातलेल्या जवळ्याशेजारी चटईवर पालथी पडायची. जाळं तरंगतं ठेवणारा एखादा पिवळा बोया पुढ्यात टाकला की तो धरायला धडपडायची, थकली की तिथंच झोपायची. कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं. पण पटलं नाही म्हणून शब्द मोडायचा, एवढी तिचीही छाती नव्हती. मुलगा केतन बोटीवर जात होता. ज्या घरातला माणूस दर्यावर, त्या घरानं देवीला दिलेला शब्द फिरवायचा नाही, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

दुपारी चौघं ओटीवर बसली. हौसाचा नवरा शिवा फाटलं जाळं सांधायला घेऊन बसला होता, म्हणजे हात कामात आणि नजर खाली राहते. केतन आदल्या दिवशीच बंदराला लागला होता. बायकोनं दवाखान्यातलं सांगितलं तसा तो उठलाच. खाटेवर ठेवून बघितलं होतं ना, तर म्हणे गादीत रुतते, आणि एकदा पडता पडता वाचली. मग आता उरलं काय? नवस आपण बोललो, आपणच सोडायचा, पाहिजे तर देवीला दंड भरू. दर्यावर तो जातो, भीती बाळगायची तर त्यानं बाळगायची. हौसा लेकाच्या बाजूनं बोलली. पोर अधू झाली तर देवी येऊन तिला चालवणार आहे का, असंही तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर तिनं जीभ चावली.

शिवा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "शब्द मोडायचा नाय."

"बाबा बरोबर बोलतात," रुपाली म्हणाली. सानू तिच्या मांडीवर होती. "दोन गेली. ही राहिली. मी काय म्हणून शब्द मोडू?"

सासरा आणि सून एका बाजूला, माय आणि लेक दुसऱ्या, असं त्या घरात क्वचित व्हायचं. एरवी शिवा आणि केतन बोटीपायी एक असायचे आणि बायका त्यांच्या विरोधात. सानू एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

शिवानं दोरा दातानं तोडला. मोडायचा नाही, पण देवीला विचारता येतं. कौल लावायचा. देवीनं मोकळीक दिली तर नवस तिनंच सोडवला, आपण नाही. केतनचा चेहरा उजळला. हौसा तर म्हणाली, उद्याच जाऊ, गुरवाला आत्ता निरोप धाडते. तेव्हा शिवानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"कौलाला घरातलं मोठं माणूस पुढं लागतं. दादा गेले. आता मोठी वयनी. ती असताना मी पुढं व्हायचा नाय."

सगळ्यांनी अंगणाकडे बघितलं. अंगणाच्या मधोमध चिऱ्यांचा गडगा उभा होता, आणि गडग्याच्या पलीकडे मोठी वहिनी, भागूबाई राहत होती. एका घराची दोन घरं झाली तेव्हा अंगण मात्र एकच ठेवलं होतं. गडगा गेल्याच्या आधीच्या, परवाच्या शिमग्यानंतरचा.

केतन म्हणाला, तो जाईल मोठ्या आईकडे. शिवानं मान हलवली. मग तो स्वतः जाईल का, तर तेही नाही. हौसाला कळत होतं सगळं. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं, जायचं कुणी ते.

"शिमगा दोन महिन्यांवर आलाय," ती उगाच म्हणाली. "तवा पालखी..."

"पालखी येणार नाही, आई," रुपाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही दोघी जावा एक झाल्याशिवाय ती अंगणात उतरवायची नाही, असं गावानं ठरवलंय. मी नवस बोलले तेव्हा मला वाटलं होतं, वर्षभर आहे हातात. बाळासाठी तरी तुम्ही बोलाल. बारशाला वाट बघितली, गणपतीत बघितली. मग मी वाट बघायची सोडली."

धक्क्यावर कुणी हौसाला एवढं सुनावलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. इथं तिला लाज वाटली. नातीचा कणा नवसानं अडवलाय म्हणून ती नऊ महिने सुनेला मनातून बोल लावत होती, आणि नवसाच्या पुढे तिचीच आडमुठी मान उभी होती. ती उठली, पदर सारखा केला आणि गडग्याला वळसा घालून रस्त्यानं पलीकडे गेली.

भागूबाई पडवीत सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. कपाळ मोकळं. मुलगा दीपेश मुंबईत, त्यामुळे घरात ती एकटीच. हौसाला बघून तिनं निवडणं थांबवलं नाही आणि बस म्हणाली नाही. हौसा खांबाला धरून उभी राहिली.

परवाच्या शिमग्याला याच अंगणात पालखी टेकली होती. भागूबाईचा नवरा जाऊन वर्ष होऊन गेलेलं, सुतक फिटलेलं. मोठी सून म्हणून तेवीस-चोवीस शिमगे पहिली ओटी तिनंच भरलेली, म्हणून सवयीनं ती ताट घेऊन पुढे आली. हौसानं भर अंगणात तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. म्हणाली, "तुमी नको जाऊबाय, सवाष्णीचा हात लागूदे." रागानं बोलली नव्हती. खरंच सांगायचं तर विचार करूनही बोलली नव्हती. पण मान मिळाला तेव्हा आतून गोड वाटलं होतं, हेही खरं. भागूबाई सगळ्या गावासमोर तशीच उभी राहिली, दोन्ही हात ताट धरल्यासारखे पुढे. आठवड्यानं दीपेश आला आणि गडगा घालून गेला.

हौसानं दवाखान्यातलं सांगितलं, कौलाचं सांगितलं. भागूबाई सोडे सुपात टाकत ऐकत होती.

"मी बगतंय रोज," ती म्हणाली. "पोरगी ह्या मांडीवरनं त्या मांडीवर. मला वाटलं, लाडाची हाय. नवसाचं मागाहून कळलं. आमच्या घरात पोर जन्माला आली, आणि मला सगळं वाडीतल्या बाया सांगतात."

"बारशाला केतनला धाडलेला."

"केतन आलेला. तू नाय आलीस."

आता बोलायचं, हौसाला वाटलं. चुकलं म्हणायचं, एका शब्दात संपतं. पण लिलावात न अडणारी जीभ टाळूला चिकटून बसली. भागूबाईनं थोडा वेळ वाट बघितली. तिनं वाट बघितली हे हौसाला दिसलं, आणि त्यामुळे तर तिला आणखीच बोलता येईना.

"उद्या सकाळी येन देवळात," शेवटी भागूबाई म्हणाली आणि सूप उचललं. "तुज्यासाठी नाय. पोरीची पाठ हाय ती. तिची तिला मिळूदे."

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, काम झालं. केतननं आईच्या पाठीवर थाप मारली. शिवानं मात्र बायकोकडे एकदा बघितलं आणि पुन्हा जाळं ओढलं. तो तिला चांगला ओळखून होता.

सकाळी देवळाच्या पुढचं अंगण नुकतं सारवलेलं होतं, शेणाचा ओला वास येत होता. गुरवानं देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या लावल्या; ज्या खांद्याची आधी गळेल तो कौल. भागूबाई पुढे उभी राहिली. तिच्या मागे शिवा, मग केतन, आणि सानूला कवटाळून रुपाली. हौसा सगळ्यांच्या मागे. गुरवानं गाऱ्हाणं घातलं: आई जाकमाते, ह्या लेकरासाठी तुझ्या लेकीनं शब्द दिला, घरातल्या वादापायी तो फिटायचा राहिला, लेकराच्या अंगाला काम नाही, वाढ अडली, तू मोकळीक देत असशील तर उजवा दे, महाराजा. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. भागूबाईचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता.

पाकळ्या हलेनात. एक मच्छीची गाडी खालच्या रस्त्यानं गेली, तिचा आवाज येऊन विरला. सानूनं आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घातलं, तेही रुपालीच्या लक्षात आलं नाही. हौसानं डोळे मिटले. मनात म्हणाली, आई, माझ्या हट्टाचा हिशेब माझ्याकडून घे, हिच्याकडून नको. असं ती देवीशी कधी बोलली नव्हती. ती देवीशीही भाव केल्यासारखंच बोलायची.

"उजवा दिला," गुरव म्हणाला.

केतननं तोंडावर हात फिरवला. रुपाली रडायलाच लागली, आणि ती रडते म्हणून सानूही. गुरवानं अंगारा लावला. बाहेर भुईवर ठेवायची, तो म्हणाला, देवीसमोर. मग त्यानं मागे बघितलं. "पयला हात सवाष्णीचा लागूदे. हौसावयनी, तुमी या."

त्यानं रीत सांगितली, वाईट काही नाही. पण त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच भागूबाई बाजूला झाली होती. कुणी सांगायची वाट न बघता ती खांबामागे जाऊन उभी राहिली, पदर कपाळावर ओढून. दोन वर्षांत ती बाजूला व्हायला शिकली होती. हौसानं ते बघितलं. हौसाला पहिले दिवस गेले आणि मासळीचा वास सहन होईना, तेव्हा हीच बाई दोघींची मासळी साफ करायची. केतनच्या वेळी बाळंतपणात हिनंच अंगाला तेल लावलेलं. आणि आपण तिला खांब दाखवला.

रुपालीनं सानूला सासूच्या हातात दिलं. हौसा चार पावलं पुढे गेली, पण अंगणाकडे नाही. खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"धरा, जाऊबाय."

भागूबाईनं हात पुढे केले नाहीत. गुरव काहीतरी म्हणायला लागला. हौसानं त्याच्याकडे वळून बघितलं.

"ह्या बाईच्या हातातलं ताट मी काढून घेतलेलं हाय, सगळ्यांच्या देखत. चुकलं माजं. आज सगळ्यांच्या देखत पोर देतंय. घरात मोठी ती हाय, पयला हात तिचा. देवीला चालत नसंल तर देवी माज्याशी बोलंल."

गुरवानं शिवाकडे बघितलं. शिवा देवीकडे बघत होता. देवीनं आपला कौल आधीच दिलेला होता, आता बोलायचं काम माणसांचं होतं.

भागूबाईचे हात पुढे यायला वेळ लागला. सानू ओळखीशिवाय कुणाकडे जात नव्हती, पण त्या हातांत गेली आणि भागूबाईच्या मोकळ्या कपाळाकडे टक लावून बघू लागली. भागूबाई हळूहळू गुडघ्यांवर बसली. सारवलेल्या भुईवर आधी पोरीचे तळपाय टेकवले, मग तळहात, मग तिला पालथी घातली. छातीखाली रुपालीनं टॉवेलची गुंडाळी सरकवली, मॅडमनी दाखवली होती तशी.

सानूचं कपाळ भुईला टेकलं आणि तिनं दवाखान्यातला टाहो पुन्हा फोडला. रुपाली वाकली. हौसाचेही हात आपोआप पुढे गेले, नऊ महिन्यांची सवय ती.

"थांबा वाईच," भागूबाई म्हणाली. तिचा तळवा पोरीच्या पाठीवर होता. "मी हाय हितं. कुटं पडणार नाय ती."

रुपाली थांबली. तिला किती जड गेलं ते तिच्या मुठींवरून दिसत होतं. हौसानं कमरेला खोचून आणलेला पिवळा बोया काढला. मग एवढी वजनदार बाई, दोन्ही गुडघ्यांचं दुखणं असलेली, सगळ्यांसमोर भुईवर पालथी झाली, आणि हनुवटी मातीला टेकून नातीच्या तोंडासमोर तोंड आणलं. केतनला क्षणभर हसू आलं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सानू. ए बाय माजे. हिकडं बग."

रडणं चाललंच होतं. बोया भुईवर ठक् करून वाजला. सानूचं रडणं अडखळलं. डोकं हललं, कपाळ मातीतून सुटलं, मान थरथरत वर आली आणि आजीचं तोंड तिला दिसलं. एक श्वासभर ती बघत राहिली. मग डोकं पुन्हा खाली गेलं. फार काही झालं नव्हतं. शेजारच्या घरातलं याच वयाचं पोर आता उंबऱ्याला धरून उभं राहत होतं. पुढे काय होईल ते अजून महिन्याभरानं कळायचं होतं.

"दुपारची माज्याकडं ठेव हिला," भागूबाई हौसाकडे न बघता म्हणाली. "तू धक्क्यावर असतंस तवा. रडूदे, मला चालतं."

हौसानं भुईवरूनच मान हलवली. सानूची बोटं मातीत रुतली, खांदे ताठले, आणि मान पुन्हा वर आली. तिच्या कपाळाला सारवणाची ओली माती लागली होती. ती कुणी पुसली नाही.